ग्रीनच्या कडेला बॉल उडवू नका, सरपटू द्या

गोल्फमध्ये बॉल ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बाहेर दोन-तीन पावलांवर पडलाय, मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नाही, पाणी नाही, गवत कापलेलं, भोकातला झेंडा अगदी नाकासमोर, आणि तरी माणूस बॅगेतून सगळ्यात तिरक्या तोंडाची वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारा क्लब (काठी), काढतो आणि बॉल झाडाच्या शेंड्यापर्यंत नेऊन मग खाली उतरवायला बघतो. हे मी जवळपास प्रत्येक राउंडला बघतो आणि दर वेळी जीव हळहळतो. अरे बाबा, समोर एवढी सपाट जमीन पसरलीय ती कशासाठी आहे मग? बॉल तिच्यावर लवकर उतरव आणि जाऊ दे ना सरपटत.

आज त्यावरच लिहायचंय. चिप अँड रन म्हणा, बंप अँड रन म्हणा, आम्ही नुसतं रनिंग चिप म्हणतो. माझ्या मते सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्या माणसाचे सगळ्यात जास्त स्ट्रोक (फटके) हाच शॉट वाचवतो. ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, थोडा लांब जावा म्हणून लोक नवीन ड्रायव्हरवर वाट्टेल तेवढे पैसे घालतात, पण ग्रीनच्या कडेवरून दोन स्ट्रोकमध्ये होल संपवायला जो क्लब लागतो तो आधीच बॅगेत पडलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही.

मी खेळतो बडोद्यात, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या गायकवाड बरोडा गोल्फ क्लबमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९३०च्या दशकात प्रतापसिंह महाराजांनी आपल्या युरोपियन पाहुण्यांसाठी हा कोर्स बनवून घेतला, मग १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः रणजी खेळलेले आहेत, त्यांनी तो परत उभा केला आणि सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून आज दांडिया बाजार, रावपुऱ्यातला साधा माणूस पण तिथे बॅग घेऊन जाऊ शकतो. आवारातच मोतीबाग क्रिकेट ग्राउंड. सकाळी मोर हिंडत असतात, मागे पॅलेसचा तो उंच टॉवर, आणि असल्या जागी खेळायला मिळतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण मुद्दा जमिनीचा आहे. बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, आणि पाणी कितीही मारलं तरी ग्रीनच्या आजूबाजूची जमीन ठणठणीत होते. आता सँड वेजचा तळ बघा, जाडसर आणि गोलाकार असतो. अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने १९३२च्या ब्रिटिश ओपनला असली वेज वापरली आणि तिथून ती जगभर पसरली, आणि तो तळ तसा करायचं कारणच हे की वाळूत क्लब खोल रुतू नये, वर उचलला जावा. वाळूत त्याने भलं होतं. पण तोच तळ टणक जमिनीवर आपटला की क्लब उसळतो, त्याची धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यापेक्षा ८ किंवा ७ नंबरच्या आयर्नचा (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब, नंबर कमी तितकं तोंड सरळ) तळ पातळ असतो, तो टणक जमिनीवरून पण बॉलच्या खाली नीट शिरतो, आणि समजा थोडा चुकला, बॉल जरा वरच्या बाजूला लागला तरी तो खालूनच जातो आणि साधारण तेवढाच लांब जातो. हा शॉट मला आवडतो तो यासाठी, की चुकला तरी त्याची शिक्षा फार मोठी नसते.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता, यूट्यूबवर अमेरिकन गोल्फर फिल मिकेलसनचे ते उंच फ्लॉप शॉट बघून बघून ६० डिग्रीची लॉब वेज, सगळ्यात तिरक्या तोंडाची, घेऊन आलेला. पोराचे हात चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. मी ग्रीनच्या बाहेरून आयर्न काढलेलं बघून म्हणाला, ‘मामा, तू हे काय, इथून एट आयर्न?’

मी म्हटलं, ‘तू पण घे. आणि झेंड्याकडे बघू नकोस. कडेपासून एक पाऊल आत तो काळपट ठिपका दिसतोय का? तिथे टाक.’

‘आणि तिथून पुढे?’

‘तिथून पुढे जमीन नेते.’

आमच्या कॅडीने, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याने, नुसता हात आडवा करून जमिनीजवळून पुढे नेला आणि म्हणाला, ‘दोडवा दो ने, साहेब,’ म्हणजे पळू द्या ना.

भाच्याने मारला, टक असा छोटा आवाज आला आणि बॉल त्याच्या गुडघ्याच्या वर पण गेला नाही. सकाळची वेळ, ग्रीनवर दव होतं, त्यामुळे बॉल कुठून कसा गेला ते सगळं दवावर उमटलं. आधी एक गडद ठिपका, मग वीतभर तसंच पांढरट दव, परत एक लहान ठिपका, आणि तिथून पुढे अखंड रेघ, थेट झेंड्याच्या उजवीकडे हातभर अंतरापर्यंत, शेवटी किंचित डावीकडे वळलेली. भाचा बॉल उचलायला गेला तो ती रेघच बघत उभा राहिला. मी त्याला म्हटलं आता पावलं मोज, बॉलपासून पहिल्या ठिपक्यापर्यंत किती आणि ठिपक्यापासून शेवटापर्यंत किती. हवेत तीन, जमिनीवर बारा.

आणि हेच या शॉटचं गणित आहे, त्याला इंग्रजी पुस्तकांत रूल ऑफ ट्वेल्व्ह म्हणतात. बारामधून क्लबचा नंबर वजा करायचा, जे उरलं तेवढे पट बॉल जमिनीवर लोळतो. पिचिंग वेजला १० धरायचं, म्हणजे हवेत एक भाग आणि जमिनीवर दोन. ९ नंबरला तीन, ८ नंबरला चार, ७ नंबरला पाच, ६ नंबरला सहा. कोर्सवर उलट बाजूने करायचं. समजा बॉल ग्रीनच्या कडेपासून २ पावलं बाहेर आहे आणि झेंडा कडेपासून १३ पावलं आत. उतरायची जागा कडेच्या १ पाऊल आत धरायची. म्हणजे हवेत ३, जमिनीवर १२, बारा भागिले तीन चार, आणि बारातून चार गेले आठ. एट आयर्न. भाच्याला हे समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला लॉब वेजच्या कुठल्याच शॉटनंतर दिसला नव्हता, इंजिनियर माणूस, गणित मिळालं की खूश.

उतरायची जागा ग्रीनच्या आत का, तर ग्रीनवरचं गवत एकसारखं कापलेलं असतं त्यामुळे टप्पा भरवशाचा मिळतो. बाहेर फ्रिंजवर, म्हणजे ग्रीनच्या कडेच्या पट्ट्यावर, कुठे कडक, कुठे भुसभुशीत, कुठे पाण्याच्या पाइपचं तोंड, तिथे टप्पा पडला की नशिबाचा खेळ. त्यामुळे आधी जागा ठरवायची, कडेच्या थोडं आत, मग क्लब ठरवायचा. बहुतेक लोक उलटं करतात, आवडता क्लब आधी हातात घेतात आणि मग त्याच क्लबने जवळची चिप वेगळी, लांबची वेगळी, कधी मनगट जास्त कधी कमी असं करत बसतात. मी म्हणतो मारायची पद्धत एकच ठेवा आणि क्लब बदला. हात एकच गोष्ट शिकतात आणि ती पक्की होते.

आता हे गणित सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे हे ध्यानात ठेवा. चढ असेल तर एक नंबर खालचा क्लब घ्या, आठच्या जागी सात, उतार असेल तर वरचा, आठच्या जागी नऊ किंवा वेज. ग्रीन कापलेलं नसेल, संथ असेल, तरी खालचा. अजून एक, आजकालच्या नवीन सेटमध्ये कंपन्या आयर्न आधीपेक्षा सरळ तोंडाचे बनवतात, म्हणजे आजचं ८ नंबर हे जुन्या काळच्या ७ नंबरच्या जवळ जातं, त्यामुळे तुमचा सेट नवीन असेल तर बॉल थोडा जास्तच लोळेल. एकदा प्रॅक्टिस ग्रीनवर आपापल्या क्लबचं मोजून घ्या, सकाळी लवकर गेलात आणि दव असेल तर दवच मोजून देतं.

उभं कसं राहायचं. पाय जवळ, दोन्ही पायांत जेमतेम एक क्लबहेड मावेल एवढं अंतर. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं बोलतोय. वजन डाव्या पायावर आणि ते शेवटपर्यंत तिथेच, मागे न्यायचंच नाही. बॉल मधल्या रेषेच्या थोडा उजव्या पायाकडे. ग्रिप खाली धरा, जवळजवळ रबर संपतं तिथे, क्लब छोटा झाला की ताबा वाढतो. हात बॉलच्या किंचित पुढे, किंचितच, काही जण एवढे पुढे नेतात की क्लबची धार कुऱ्हाड घातल्यागत जमिनीत शिरते. मग खांद्यांनी मागे आणि पुढे, पट (ग्रीनवर बॉल लोळवायचा फटका) मारतो तसं, मनगटं गप्प. बॉलला वर उचलायचा प्रयत्न अजिबात नको, क्लबच्या तोंडाला जो काय तिरकेपणा आहे तो पुरेसा आहे, बॉल आपोआप हातभर उठतो आणि कडेचं गवत ओलांडतो.

बडोद्याच्या माणसाला एक सांगितलं की लगेच कळतं. कव्हरकडे हलक्या हाताने बॉल ढकलून एक रन चोरतात ना, जोर नाही, बॅट पूर्ण फिरवायची नाही, फक्त बॉल कुठे थांबेल एवढा अंदाज, तोच हात इथे पाहिजे. आमच्या ग्रुपमधल्या एक वहिनी आहेत, आयुष्यात कधी गोल्फ खेळल्या नव्हत्या पण लहानपणी भावांबरोबर वाड्यात क्रिकेट खेळलेल्या, त्यांना मी एवढंच सांगितलं आणि थोड्याच दिवसांत त्यांची रनिंग चिप आमच्या ग्रुपमधल्या भल्याभल्यांपेक्षा चांगली पडायला लागली. ताकदीचा इथे काही संबंधच नाही. म्हणून पन्नाशी-साठीत गोल्फ सुरू करणाऱ्यांना माझं आवर्जून सांगणं असतं की ड्राइव्हिंग रेंजवर बादलीभर बॉल मारून कंबर दुखवून घेण्याआधी हा शॉट शिका.

एक ड्रिल सांगतो, ज्याने सगळ्यात लवकर फरक पडतो. क्लब बाजूला ठेवा आणि बॉल हाताने खालून टाका, आधी उंच टाकून झेंड्याजवळ थांबवायचा प्रयत्न करा, मग खाली वाकून ग्रीनच्या कडेवर टाकून लोळवून बघा. लोळवलेले बॉल कुठल्या कुठे जास्त जवळ पडतात, आणि हे कोणी सांगायची गरज राहत नाही, समोर दिसतं. मग ज्या जागी टप्पा पडत होता तिथे रुमाल टाका आणि आयर्नने रुमालावर बॉल पाडायची प्रॅक्टिस करा. झेंडा विसरा, फक्त रुमाल. मॅच चालू असताना मात्र असं काही ठेवायची परवानगी नाही हां, नियमात बसत नाही, तिथे एखादा ठिपका, गवताचा वेगळा रंग, जुनी बुजवलेली बॉलची खूण असं काहीतरी डोळ्यांनी धरून ठेवायचं.

लोकांना वाटतं हा म्हाताऱ्यांचा, भित्र्यांचा शॉट आहे. मला याचा खरंच राग येतो. हा खेळ मुळात स्कॉटलंडच्या समुद्राकाठच्या रेताड जमिनीवर वाढला, तिथे वारा एवढा की बॉल वर गेला की गेलाच, त्यामुळे तिथले लोक जमिनीवरूनच खेळायचे आणि अजून खेळतात. पॉल रन्यन म्हणून एक अमेरिकन होता, लहानखुरा माणूस, ड्राइव्ह अगदी कमी लांब. त्याने चिपिंगला पटिंगसारखं करून टाकलं, क्लब उभा धरायचा, त्याच्या डोक्याची टाच (आतली बाजू) जराशी उचललेली, मनगट नाही. १९३८च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या फायनलला त्याच्यासमोर सॅम स्नीड, जो त्याला प्रत्येक होलला ड्राइव्हमध्ये कितीतरी मागे टाकायचा, आणि रन्यनने त्याला ८ अँड ७ असं हरवलं. म्हणजे आठ होलची आघाडी, आणि सात होल बाकी असतानाच मॅच खलास.

१९८७ची मास्टर्स स्पर्धा घ्या. प्लेऑफचा (बरोबरी सोडवायच्या खेळाचा) दुसरा होल, ग्रेग नॉर्मन ग्रीनच्या कडेवर आरामात, लॅरी माइझ ग्रीनच्या पार उजवीकडे, झेंड्यापासून जवळजवळ १४० फूट. त्याने सँड वेजच घेतली होती पण बॉल उंच नाही चढवला, खालून मारला, बॉल ग्रीनच्या आधी टप्पे घेत घेत आला आणि लोळत लोळत थेट भोकात. किंवा २००४चं ब्रिटिश ओपन, रॉयल ट्रून, टॉड हॅमिल्टन आणि एर्नी एल्स प्लेऑफच्या शेवटच्या होलवर. हॅमिल्टन ग्रीनच्या बरंच बाहेर होता, हातात कुठलीही वेज मिळाली असती, त्याने हायब्रिड, म्हणजे खरं तर लांब फटक्यांसाठीचा क्लब, काढला आणि पटसारखा ढकलून बॉल भोकाच्या अगदी जवळ नेऊन ठेवला. ओपन जिंकायचं होतं आणि त्या क्षणी त्याला सगळ्यात भरवशाचा वाटला तो जमिनीवरून जाणारा शॉट. मी तो व्हिडिओ कितीदा बघितलाय, अजून अंगावर काटा येतो.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या १८व्या ग्रीनसमोर जो खोलगट भाग आहे, व्हॅली ऑफ सिन म्हणतात, तिथे १९९५च्या ब्रिटिश ओपनला कॉस्टँटिनो रॉक्काची चिप फसली आणि बॉल परत त्या खड्ड्यात आला. मग त्याने पटर घेतला आणि जवळजवळ ६५ फुटांवरून, खड्ड्यातून वर चढवून, भोकात घातला आणि जॉन डेलीला प्लेऑफला खेचलं. प्लेऑफ डेलीने जिंकला ते वेगळं. पण ग्रीनच्या बाहेरून पटर चालतो, आणि गवत बारीक कापलेलं, कोरडं असेल तर तोच आधी हातात घ्यावा असं माझं मत. पटरने जमत नसेल, मधलं गवत बॉलला अडवेल असं वाटलं, तर रनिंग चिप. आणि ती पण शक्य नसेल तरच उंच.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे असेल तर अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकला २०२१मध्ये ती चौथी आली, मेडल एका स्ट्रोकने हुकलं. ड्राइव्ह तिचा बाकीच्या मुलींपेक्षा चांगलाच कमी पडत होता, पण ग्रीनवर आणि ग्रीनभोवती तिने जे केलं ते सगळ्या देशाने भल्या पहाटे उठून बघितलं. ज्यांना बर्डी म्हणजे काय हे माहीत नव्हतं ते पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर स्कोअर टाकत होते.

उंच कधी मारायचा ते पण सांगून टाकतो. मध्ये बंकर आहे, झेंडा कडेच्या इतका जवळ आहे की लोळायला जागाच नाही, किंवा बॉल दाट रफमध्ये (वाढलेल्या गवतात) बसलाय, तिथे वेज घ्या, बिनधास्त घ्या. पावसाळ्याचं मात्र वेगळं, तेव्हा चिप सोडायची नाही, जरा बदलायची. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे फ्रिंज चिखलासारखी मऊ होते, बॉल तिथे पडला की तिथेच बसतो, आणि ग्रीनवर पण पाण्याने रोल एकदम कमी होतो. तेव्हा टप्पा ग्रीनच्या चांगला आत धरायचा आणि एक-दोन नंबर खालचा क्लब, म्हणजे आठच्या जागी सहा, म्हणजे लोळणं परत मिळतं. पद्धत तीच.

आणि झेंडा काढू नका. बाहेरून मारताना तर झेंड्याला बॉल लागला तरी काही पेनल्टी नाही, आणि २०१९पासून ग्रीनवरून पट मारताना पण नाही. जरा जोरात आलेला बॉल झेंड्याच्या काठीला लागून तिथेच थांबतो, कधी कधी आत पडतो. चार माणसं खेळत असली की कोणीतरी सवयीने झेंडा काढायला धावतं, त्याला थांबवा.

या रविवारी सकाळी मी प्रॅक्टिस ग्रीनवर असेन, टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या, बराच आधी. ज्यांना रुमालवालं ड्रिल करून बघायचंय त्यांनी ७, ८, ९ आणि पिचिंग वेज एवढे चारच क्लब घेऊन यावं, जुने बॉल माझ्याकडे भरपूर आहेत.